महिना तीन डॉलर पंच्याण्णव

बिलाच्या पाकिटात यंदा एक गुलाबी चिठ्ठी निघाली.
फसव्या फोनांपासून संरक्षण. ऐच्छिक.
महिना तीन डॉलर पंच्याण्णव सेंट, कर वेगळा.
चौकटीत खूण करा, खाली सही.

नऊ दिवस ती चहाच्या डब्याखाली पडून होती.

आता मला कोण शिकवणार फोन!
बावीस वर्षं, पोस्टाच्या मागच्या खोलीत,
या गावाची एक्स्चेंज मीच.
त्रेसष्ट घरं, एक पाद्री, एक माशांचा कारखाना,
आणि सगळ्यांच्या तारा माझ्या हातांतून जायच्या.
खोकल्यावरून ओळखायचे मी माणूस.
ऐकणं नियमात बसत नव्हतं,
न ऐकणं मला जमत नव्हतं.

पण म्हणून मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.
एकसष्टच्या मार्चात, खाडी गोठलेली,
सेंट जॉन्सहून एका गृहस्थाचा फोन आला.
आवाज लोण्यासारखा.
त्याला एफी टक हवी होती.
तिचा नवरा समुद्रात गेल्याला वर्षही झालं नव्हतं.
विम्याची रक्कम अडकलीय म्हणाला,
आधी चाळीस डॉलर पाठवा, मग सुटेल.
प्लग उपटायला माझा हात वर गेला होता.
मग वाटलं, आपण कोण?

चाळीस डॉलर गेले. त्यांच्या पाठोपाठ शिवणयंत्रही.
एफी मरेपर्यंत दर ईस्टरला मला अंडी पाठवायची,
आणि मी ती खायचे.

तर दहाव्या दिवशी मी खूण केली.

कमालीची शांतता झाली हो घरात.
मला अटक करायला निघालेला आयकरवाला गप्प.
माझ्या घरात नसलेला संगणक आजारी पडेना.
आणि मला नसलेला नातू,
जो हॅलिफॅक्सच्या तुरुंगातून रडत जामीन मागायचा,
तोही सुटला असावा.
खोटं कशाला बोलू, थोडी चुकचुकलेच.

मग गार्लंडचा रविवार आला आणि गेला.
गार्लंड माझा धाकटा भाऊ, वर लॅब्राडोरात, वृद्धाश्रमात.
झटका आला तेव्हापासून शब्द त्याला सोडून गेलेत.
नर्स नंबर फिरवून रिसीव्हर हातात देते आणि औषधांच्या फेरीला जाते.
तो नुसता श्वास घेतो.
मी सांगते, कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या जाळ्यात काय आलं.
हसला की त्याच्या घशात खट्‌ असं वाजतं.

दुसरा रविवारही कोरडा गेला.
मी काळा पोशाख काढून ब्रशने झाडला.

सोमवारी शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर नर्स पामॅकचा फोन आला.
"मर्टल, तुझा फोन त्याला नाव विचारतो."

कृपया आपलं नाव सांगा.
दोन रविवार तो नाव सांगत होता.
पहिल्या अक्षरापाशी ओठ अडायचे,
आणि यंत्र, नियमाला धरून,
मला त्याच्यापासून वाचवायचं.

मी कंपनीला फोन लावला.
मुलगी गोड होती. त्यांचा नंबर यादीत घालू या, म्हणाली.
म्हटलं, बाळा, तिथे अकरा फोन आहेत,
कुठला मोकळा असेल ते देवालाही ठाऊक नसतं.
बंद करण्याचं कारण?
महाग, स्थलांतर, असमाधान, इतर.
इतर, मी म्हटलं.
पुढची जोखीम तुमची, आजी.
ती माझीच होती, बाई, तुझ्या जन्माआधीपासून.

आता फोनच्या वर भिंतीवर एक पुठ्ठा टांगलाय.
जाड पेन्सिलीने: पैशाचं बोलला की ठेव.
खाली, बारीक अक्षरात: एफी.

रविवारी खट्‌ वाजलं. दोनदा.

मंगळवारी आयकरवाला परत आला.
मी त्याला नाव विचारलं.
न अडखळता सांगितलं त्याने,
आडनावासकट.