काचा वर

तिसऱ्या उन्हाळ्यात मी मुनाफला म्हटलं, गॅस भरून दे.
त्यानं कपाळाचा घाम दंडाला पुसला.
"मॅडम, गाडी गॅस खात नाही. गॅस संपत नसतो कधी.
गळतो."

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, दुपारचे पावणेतीन.
समोरच्या दुकानात दोरीला टांगलेले बंपर,
वलांडीवरच्या बोंबलांसारखे.
आमच्या सँट्रोच्या चारही जाळ्यांतून
चुलीच्या तोंडची हवा,
आणि मागच्या सीटवर बाबा.
उतरणार नाही म्हणाले.
आई गेल्यापासून त्यांना कुठेही बसवलं
की ते तिथलेच होऊन जातात.

निळी नळी, लाल नळी. दोन्ही काटे झोपलेले.
कॉम्प्रेसर टक् करून लागायचा,
दोन श्वास घेऊन सुटायचा.
पोऱ्यानं साबणाचा फेस केला, सांध्यासांध्याला लावला.
बुडबुडा कुठेच नाही.
मुनाफ म्हणाला, मग आतली कॉइल असणार,
अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, नऊ हजार.
मी मनात शिकवणीची मुलं मोजू लागले
आणि मागचं दार उघडलं.

एकतीस वर्षं माझगावच्या बर्फाच्या कारखान्यात,
मशीनरूममध्ये.
लहानपणी मी बाबांच्या शर्टाचा वास घेऊन सांगायची
आज कुठला व्हॉल्व्ह रडत होता.

"ह्याला वास नाही?" बाबांनी विचारलं.
"नाही काका."
"म्हणजे घुम्या आहे. अमोनिया बरा. निदान ओरडतो."
मग बराच वेळ काहीच नाही.
मुनाफ पाना शोधत होता, किंवा शोधतोय असं दाखवत होता.
"पण तेल तर असेल ना ह्याच्याबरोबर?
गॅस जातो. तेल मागे राहतं.
धूळ कुठे ओली आहे ते बघ."

चष्मा कपाळावर सरकवून ते स्वतःच वाकले.
नळीवरून बोट फिरवत गेले,
तव्याची कड चाचपावी तसं,
पुढच्या जाळीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत.
बोट वर आलं ते काळं, चमकतं.

मुनाफनं नायट्रोजन सोडला, पुन्हा फेस.
अर्ध्या मिनिटानं एक बुडबुडा,
खेकड्याच्या तोंडाशी येतो तेवढा,
फुटला, पुन्हा आला.
रबराची रिंग. वीस रुपयांची.
बाकी गॅस, व्हॅक्यूम, मजुरी धरून चोवीसशे,
त्यातले बाबांनी दोनशे तोडले
आणि चहाला शंभर ठेवले.
तडकलेली रिंग त्यांनी खिशात टाकली. कशाला, विचारलं नाही.

चेंबूरच्या बाजूला वळताना मी काचा वर केल्या.
तीन वर्षं ह्या काचा खालीच होत्या.
बसचे हॉर्न, खोदकाम, भंगारवाले, सगळं आत यायचं.
मी काही विचारायची, त्यांना ऐकू जायचं नाही,
किंवा गेलं नसेल असं मी धरून चालायची.
सोय होती ती. दोघांचीही.
आता आमचं गप्प बसणं
चांगलं मोठ्यानं ऐकू यायला लागलं.

त्यांनी पुढे वाकून जाळीसमोर हात धरला,
तापाच्या पोराच्या कपाळाशी धरावा तसा.
"लादी धरली नाही अजून."
थोड्या वेळानं: "धरेल."
आणि चारवरचं बटण दोनवर आणलं,
वीज कंपनीची असो नाहीतर लेकीची.

सिग्नल लाल होता. मी विचारलं,
"बाबा, झोप लागते का हल्ली?"
ते इतका वेळ थांबले की मला वाटलं, ह्या वेळीही नाही.
"पहाटे लागते. आवाज नसतो ना."
"कारखान्याचा?"
"छे. तुझी आई घोरायची.
आमच्या दोन नंबरच्या मशीनसारखी, बारीक, एकसुरी.
बंद पडलं की जाग यायचीच."

सिग्नल हिरवा झाला असणार.
मागे कुणीतरी टेम्पोवाला हॉर्न देत होता,
केव्हापासून कोण जाणे.
आत तो फार लांबून येत होता.