कानाखाली

हडर्सफील्ड. साडेनऊ, काचेवर धुकं.
मिस्टर ऑल्डरॉयड खुर्चीत टेकतात,
उजव्या डोळ्याखाली घडीचा रुमाल.
तो डोळा मिटत नाही, नुसता वाहतो.
सव्वीस वर्षं गावच्या बँडमध्ये कॉर्नेट;
तीन आठवडे झाले
फुंकर ओठाच्या कडेनं निसटते.
तोंडदेखलं हसायलाही तोंड लागतं, नाही का?

नाकपुडीपाशी मी इलेक्ट्रोड चिकटवते.
कॉइल इंग्रजी आठासारखी.
(आपला आठ खालून उघडा,
त्यातून सगळं सांडलं असतं.)
उजव्या गालाची चौकशी
डाव्या मेंदूकडे करायची, अशी इथली रीत.

टक्.
रेघ सरळ.
टक्. जरा जोरात.
सरळ.
मग कानामागे, जिथं नस
हाडाच्या बोगद्यात शिरते:
टक्.
काही नाही. रेडिएटर तेवढा कुरकुरतो.

शेवटी कानाखाली, विजेचा साधा चिमटा.
आमच्याकडे कानाखाली वाजवतात
ते वेगळं.
ओठाचा कोपरा उडाला,
पडद्यावर टेकडीएवढी लाट.

"हसलो का मी?"
"हललात," मी म्हटलं.

पलीकडची तार शाबूत आहे,
वाट बोगद्यातच कुठंतरी तुंबलीय,
हे सांगायचा अधिकार माझा नाही.
रिपोर्ट डॉक्टरांकडे जाईल.
"सोळा डिसेंबरला कार्यक्रम आहे," कोट चढवत ते म्हणाले,
माझ्याकडे न बघता.

मी मास्कच्या आत
तोंड भरून हसले.
रुमाल खुर्चीवरच राहिला, ओला.
तो घेऊन मी जिन्यापर्यंत धावले.