रकाना सातवा

सकाळी चहाच्या आधी मी वारा बघतो.
मेढीला निलव्वाच्या जुन्या इरकलीची चिंधी बांधलीय,
ती बागेकडं उडाली तर म्हसरं सोडायची,
गोठ्याकडं उडाली तर दावणीलाच.
मधे फक्त एक बांध.
पलीकडं कल्लाप्पाचं डाळिंब,
अलीकडं माझी मारवेल.
वाऱ्याला सातबारा वाचता येत नाही.

तिसरं वर्ष आहे हे.
पहिल्या वर्षी कागद आला: रूपांतर काळ.
निलव्वा म्हणाली, म्हणजे काय, म्हशीची गाय होणार?
हसलो दोघं. मग मी कडबा शोधायला निघालो.
मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडीला काय तोटा,
पण तणनाशक न मारलेली?
अकरा गावं फिरलो.
शेवटी एका म्हातारीनं दिला,
खुरप्यानं पडलेले तळहातावरचे घट्टे दाखवत म्हणाली,
हीच माझी पावती.
तपासणीला आलेल्या पोराला मी ते सांगितलं.
पोरगं चांगलं. खाली मान घालून म्हणालं,
काका, घट्ट्यांवर शिक्का नसतो.

भादव्यात कोयतीला दगडी झाली.
शिंगं कोयत्यागत पाठीवर गेलेली, म्हणून कोयती.
एक सड तापलेला, दुधात गाठी.
कोरफड, हळद, चुना.
निलव्वानं पाट्यावर वाटून
दिवसातनं आठ-आठ वेळा लेप लावला.
पहिल्या रात्री उतार वाटला.
दुसऱ्या रात्री नाही.
तिसऱ्या रात्री कोयती बसेचना,
मागचे पाय फाकवून नुसती उभी,
आणि रेडकानं ढुशी दिली तेव्हा
पोटच्या पोराला तिनं लाथ मारली.
तेव्हा मी फोन लावला.

डॉक्टर मेटकरी आले, पिशवीतनं बाटली काढली
आणि थांबले. "तुमचं ते सेंद्रिय…"
टोचा, म्हणालो.

औषधाची मुदत जेवढी, त्याच्या दुप्पट दिवस
दूध विकायचं नाही.
विकत नाही. पण ओतू कुठं?
उकिरड्यावर ओतलं तर तेच खत रानात जाणार,
रानातनं चाऱ्यात, चाऱ्यातनं परत कासेत.
निलव्वा बादली धरून अंगणात उभी.
मांजर तिच्याकडं बघतंय, ती माझ्याकडं.
शेवटी रस्त्याकडेच्या खड्ड्यात रिकामी केली.
मुरूम एरवी घोटात पाणी पितो,
दूध मात्र बराच वेळ तसंच, पांढरं.

रात्री वही काढली.
चारा, पाणी, माज, वीत, वजन, लस.
सातवा रकाना: औषध.
डाळिंबावर मारतात तेही औषधच म्हणायचं,
कोयतीला टोचलं तेही औषधच.
रिकामा सोडला असता तर
कोण सांगणार होतं? मांजर?
बॉलपेन दोनदा अडला.
तारीख टाकली. बाटलीवरचं नाव
एकेक अक्षर जुळवत उतरवलं.

जुळे सोलापुरातल्या बाईंना सकाळी कळवलं,
काही दिवस दूध नाही, असं असं झालं.
त्या म्हणाल्या, म्हणजे इंजेक्शन दिलंत?
मग इतके दिवस लिटरमागं वीस रुपये जास्त
कशाचे घेत होता?
उत्तर मला सुचलं.
पण दुपारी, वैरण तोडताना.

कोयती चौथ्या दिवशी बसली.
रवंथ करायला लागली, तो आवाज
निलव्वानं आतनं ऐकला आणि पातेलं आपटायचं थांबवलं.

संध्याकाळी कल्लाप्पाचा फोन.
बांधापलीकडं उभा होता, दिसत होता मला,
तरी फोनच केला.
"उद्या पाचला फवारणार हाय. वारं तुझ्याकडं हाय.
म्हसरं आत घे."
आधी कधी सांगायचा नाही.
बरं, म्हणालो.
मग म्हणालो, वारं फिरेस्तोवर थांबशील?
तो काही बोलला नाही, फोनही ठेवला नाही.
दोघं आपापल्या बाजूनं
चिंधीकडं बघत राहिलो.