सात नंबरचं पिंप

टेबलावर लेबलांचे दोन गठ्ठे.
डावीकडचा ग्राट्सला, उजवीकडचा बॉस्टनला.
बाटल्या सगळ्या सात नंबरच्या पिंपातल्या,
एकाच सकाळी भरलेल्या,
बूच ठोकताना यर्नेयचं बोट चेंगरलं, त्या सकाळी.

डाव्या लेबलावर चांदण्यांनी काढलेलं हिरवं पान
आणि एक शब्द: सेंद्रिय.
उजव्यावर पान नाही.
तिथे जपून बोललेलं, लांबट वाक्य –
सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली.
म्हणजे द्राक्षं सोवळ्यातली,
वाईनचं आम्ही काही सांगत नाही.

समुद्र ओलांडला, बाटली बाटली.

झ्द्राव्का चष्मा कपाळावर सरकवते, वही काढते.
लिटरला बेचाळीस मिलिग्रॅम.
चार पानं मागे, त्याच रकान्यात, शून्य.
त्या वर्षी तिनं काहीच घातलं नव्हतं.
एप्रिलपर्यंत नाशपाती, ओलं गवत,
लोक वाकड्या वाटेनं विचारत यायचे.
जूनमध्ये घोट उतरला की मागून
जिभेवर उंदराच्या बिळाची चव.
नऊशे लिटर.
उतारावरच्या चरात सोडून दिली तिनं,
दोन दिवस मधमाश्या तिथून हलल्या नाहीत.

लुडविक रिकाम्या पिंपात
गंधकाची पट्टी पेटवून सोडायचा.
निळी ज्योत, मग खोकला,
मग लग्नाच्या कोटालासुद्धा तोच वास.
सैतानाचा भाचा म्हणायची ती त्याला,
खिडक्या उघडायची, बुर्‍या वारं सुटलेलं असलं तरी.

आता तीच मोजते, डोळ्याजवळ नळी धरून,
पोराच्या गालाला तीट लावावी तेवढं.

तपासणीला आलेली बाई म्हणाली होती,
तुम्ही नाही घातलं तरी
यीस्ट स्वतःचं थोडं करतंच.
निखळ शून्य मी अजून पाहिलेलं नाही.
आणि सही करून, पाणी पिऊन गेली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गठ्ठे संपले.
एक बाटली उरली, लेबल वाकडं बसलेलं.
यर्नेयनं नखानं खरवडून काढलं.
"हिला कुठलं लावू?"
"राहू दे."

तिनं बूच काढलं, ग्लासात नाक घातलं.
आधी, अगदी क्षणभर,
विझलेल्या काडीचा वास.
ती तिथंच थांबली.
नाशपाती यायला
तिला काही घाई नव्हती.