कप डाव्या हातात

चहाचा कप डाव्या हातात, कपाचा कान बाहेर,
टोपी काखेत, बूट दारापासून तिसऱ्या फरशीवर.
माझ्या वहीत ऑब्री गॅस्कार्थ असा शिरतो,
एकसष्टच्या फेब्रुवारीत, पान बारा.
दोन शॉटांच्या फटीत वस्तू जागा सोडतात;
त्यांनी सोडू नये एवढ्यासाठी
स्टुडिओ मला आठवड्याला नऊ पौंड द्यायचा.

त्याला वाक्य एकच होतं: बाईसाहेब, गाडी आलीय.
पुढची तीस वर्षं तेच त्यानं
बटलर म्हणून म्हटलं, हवालदार म्हणून,
एकदा शवपेटीवाला म्हणून. गाडी तेवढी बदलायची.
नाट्यशाळेतल्या कुणा मिस ट्रेव्हेलाननं
त्याच्या जिभेवरची व्हाइटहेवनची काजळी
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावी तशी पुसली होती.
शिव्या देताना तेवढी परत यायची.

लिहायचा मात्र तिच्यातच.
मेकअपच्या खुर्चीत, गळ्याभोवती टिश्यू खोचलेले,
मांडीवर कॉलशीट उलटी घालून.
त्याचा बाप समुद्राखाली कामाला होता.
खाण किनाऱ्याखालून आत, तळाच्याही खाली गेलेली;
बाप जेवणाचा डबा उघडायचा तेव्हा
डोक्यावरून आयर्लंडची गुरं घेऊन बोट जात असायची.
"मी वर पोहायचो," ऑब्री म्हणाला होता,
"वाटायचं, पाय जोरात आपटले तर खाली ऐकू जाईल."

नाटक झालं. केंटिश टाउनला, पबच्या माडीवर, नऊ रात्री.
शेवटच्या रात्री प्रेक्षक सात,
त्यातले दोघे पावसातून कोरडं व्हायला आलेले.
पेपरात चार ओळी, आडनाव चुकवून.
मग त्यानं ते गावी नेलं, खाणकामगारांच्या हॉलमध्ये.
मी रजा टाकून प्रॉम्प्टिंगला गेले.

पडदा पडला आणि टाळी नाही.
रविवारच्या सुटातला एक म्हातारा उठला,
खोकला, खोकत राहिला, सगळे थांबले.
मग म्हणाला, "डबा असा उघडत नाहीत, पोरा.
पाठ भिंतीला. झाकण छातीकडं. उंदीर असतात."
आणि परत खाली बसून,
रिकाम्या हातांनी, त्यानं ते करून दाखवलं.

दुसऱ्या रात्री ऑब्रीनं तसं केलं.
नंतर जन्मभर तसंच.
दागिन्यांची पेटी, सिगारेटची डबी,
चांदीच्या ताटलीवरचं झाकण,
सगळं छातीकडं.
एका समीक्षकानं याला 'संयत शैली' म्हटलं.

एकाहत्तर, पान दोनशे चार.
शॉट चौदा आणि पंधराच्या मध्ये तार आली.
त्यानं वाचली, घडी करून हातमोज्यात सरकवली,
माझ्याकडे बघितलं: कुठल्या हातात होता?
डाव्या, मी म्हटलं.
त्यानं कप उजव्या हातात घेतला
आणि बाईसाहेब, गाडी आलीय
हे थेट व्हाइटहेवनच्या बोलीत म्हणाला,
शेवटचा स्वर लांबवत,
पहाटेच्या पाळीला गल्लीतून उठवत जावं तसं.
दिग्दर्शक घड्याळात बघत होता. ओके, पुढं चला.

डोळ्यांत तेल घालून बसणं हेच माझं काम.
वहीत लिहिलं: कप डाव्या हातात.

आणखी तीन नाटकं माझ्या कपाटात आहेत,
कुणी न केलेली. कागदाच्या एका बाजूला
कुणी किती वाजता दाढी चिकटवायची ते,
दुसऱ्या बाजूला अंधार, लाकडाचे टेकू, ठिबकणारं पाणी.
ऑब्री जाऊन आठ वर्षं झाली.

परवा दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता.
भाचीनं पाय सोफ्यावर घेतले नि ओरडली,
"मावशी, कप बघ! हात बदलला!
तुझ्या वेळची चूक ना ही?"
मी म्हटलं, बिस्किटांचा डबा आण.
आणला तिनं.
मी पाठ भिंतीला टेकवली.