सोलापूर बारा

राजलिंग येमूल यांनी तेवीस वर्षं
विजापूर रोडचे दगड रंगवले.
डोकं पिवळं, पोट पांढरं,
त्यावर काळ्यात गाव आणि आकडा.
मंद्रूपमधला द्रू कायम लंगडा यायचा.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड,
मराठी फक्त दगडावर.

मग रस्ता चौपदरी झाला.
हिरव्या पाट्या आल्या,
हेडलाइट पडला की जाग्या होणाऱ्या.
दगड गेले भरावात.
एक तेवढा वाचला, टाकळीच्या पंक्चरवाल्याकडे.
गिऱ्हाईक त्यावर बसून चहा पितं.

परवा मामांना स्कूटरवर घेऊन
कुडलला गेलो, सीना भीमेला मिळते तिथं.
देवळाच्या तुळईवर
हजार वर्षांची मराठी.
पुजारी म्हणाला, मान वर करा,
हे वाचेल तो जिंकेल.
मामा वाचत नव्हतेच.
चष्मा कपाळावर सारून
अक्षरांची खोली बघत होते.
"रंग न्हाई भरला की ओ कुणी,"
म्हणाले, "म्हणून ऱ्हायलंय."

येताना बायपासच्या अलीकडे
पाठीवर थाप मारली. थांब.
उतरून बाभळीखाली
चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले.
एक गुटख्याची पुडी निघाली,
चादरीच्या कारखान्याची जुनी चिंधी,
बाकी मुरूम.

"हितंच होता. सोलापूर बारा."

कंटेनर गेला, धूळ बसेपर्यंत
दोघं गप्प.
मी हळूच फोन बघितला.
घर साडेअकरावर दाखवत होता.
मामांना सांगितलं नाही.