हशा

जिंतूरला आमचा टीव्ही काळा-पांढरा,
म्हणजे त्यात सगळेच राखाडी:
बातम्यांची बाई, बॅटिंग करणारे, मुख्यमंत्री.
तरी ते कुटुंब काळं आहे
हे दादांनी केसांवरून ओळखलं.
"ही आपल्यातली दिसायलीत," म्हणाले.
आई चुलीपुढून, "अमेरिकेत कुठली आली आपल्यातली?"

केबलची वायर नांदापूरकरांच्या गच्चीवरून यायची.
वायरीला विटाळ नसतो.
त्यांचा शिरीष मात्र उंबऱ्यात बसूनच बघायचा,
चहा म्हटलं की त्याला उपास.
रविवारी उपास, बुधवारी उपास,
एवढा देवभोळा पोरगा मी पुन्हा पाहिला नाही.

सिरियल इंग्रजीत. मी आठवीत.
दादा, विद्युत मंडळात लाइन हेल्पर, धुराजी खिल्लारे,
खांबावरून उतरलेले हात मांडीवर ठेवून विचारायचे,
"काय बोलायलेत?"
मला चार शब्दांतला एक कळायचा.
बाकीचं मी लावून द्यायची:
पोरगं गणितात नापास झालंय,
बाप म्हणतोय, पुढच्या वेळी बघू.
"मारीत नाही?"
"नाही."
"डॉक्टर आहे ना तो," दादा म्हणायचे,
जसं काही डॉक्टरांचे हात त्यासाठी नसतातच.

चुलती सुदामतीला वेगळाच प्रश्न.
"घरात पाच माणसं. मग हसायलंय कोण?"
खरंच, कुणी दिसायचं नाही.
तो म्हणायचा काहीतरी, आणि भिंतीआडून
शंभर माणसं हसायची.
आम्हाला असल्या हशाची सवय होती,
रेशनच्या रांगेत, शाळेत आडनाव पुकारताना.
पण हा हशा
त्या घराकडं बोट करत नव्हता,
त्यांच्या बाजूला बसून हसत होता.
चुलतीनं तो कान देऊन ऐकला,
दळण बघतात ना बोटांत धरून, तसा.

एकदा गोरा शेजारी आला, बेल वाजवून,
थेट स्वयंपाकघरात गेला,
फ्रिज उघडला
आणि उभ्यानंच काहीतरी खाल्लं.
हशा.
दादा हसले नाहीत. त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं.
शिरीष चप्पल शोधत होता.

पुढं कॉलेजात मी फार शहाणी झाले.
म्हणाले, दादा, खोटं आहे ते सगळं.
त्यांच्या गल्लीत पोलीस कधी येत नाही,
कुणाची नोकरी जात नाही,
अर्ध्या तासात सगळं मिटतं.
दादा चप्पलचा अंगठा शिवत होते.
"एवढं खरं घरात पडलेलं असताना
अर्धा तास खोटं बघितलं
तर काय बिघडलं गं?"

तोवर मराठी सिरियली रंगीत झाल्या होत्या.
दादा नावांच्या पाट्या वाचत बसायचे, आडनाव शोधत.
आपलं घर यायचं कधीमधी.
त्यात आधी उजेड कमी करायचे,
मग बाई रडायची,
मग बाहेरून एक चांगले सर यायचे.
फ्रिज नसायचा.
निळ्या कोटातला फोटो असायचा, पण वाकडा.
"सरळ लावा की रे," दादा टीव्हीला म्हणायचे.

आता परभणीत, फ्लॅटमध्ये,
माझी उत्पला मोबाइलवर बघते
तिकडचंच एक नवीन कुटुंब.
रंग इतके स्वच्छ की
कातडीच्याही दहा छटा दिसतात.
जेवणाच्या टेबलावर भांडणं, आजीची जुनी चीड,
कुणी कुणाला मिठी मारून विषय मिटवत नाही.
हशा काढून टाकलाय.
उत्पला भलत्याच ठिकाणी हसते,
मी विचारलं, यात हसण्यासारखं काय?
"काही नाही. बरोबर आहे, म्हणून."

दादा, अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले,
तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेत.
पडद्यावर एक बाप मुलाला
गाडीच्या किल्ल्या देता देता सांगतोय:
थांबवलं तर हात स्टिअरिंगवरच ठेव.
हळू बोल. सर म्हण. खिशाकडं हात नको.
मुलगा मान हलवतोय.
आता मला चारातले चारही शब्द कळतात.

"काय बोलायलेत?"

उत्पला माझ्याकडं बघते.
"पोरगं गणितात नापास झालंय, दादा."

ते वाट बघतात.
जरा पुढं वाकतात, ऐकू यावं म्हणून.

"मग कुणी हसंना का?"